जफरच्या मैदानातले दगड

मागच्या हिवाळ्यात आमचे विज्ञानाचे सर आठवडाभर रजेवर होते आणि त्यांचा आठवीचा तास माझ्याकडे आला. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. बीएडला असताना विज्ञानाच्या अध्यापन पद्धतीच्या वर्गाबाहेरून जायचो, तेवढाच माझा त्या विषयाशी संबंध. धडा गतीचा होता. अंतर भागिले काळ एवढं फळ्यावर लिहून झालं, दोन गणितं सोडवून झाली, तरी वीस मिनिटं उरली. मग मी माझ्या जुन्या आवडीचा विषय काढला. जमिनीवर माणसाने चालवलेली सगळ्यात वेगवान गाडी. विमान नव्हे, आगगाडी नव्हे, चार चाकांची गाडी, आणि ती आवाजापेक्षाही जोरात धावली.

मुलांचे डोळे मोठे झाले. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, उसमें अपने में का कोई था क्या?"

हा प्रश्न उर्दू शाळेत शिकवणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला नवा नाही. चंद्रावर जाण्याची गोष्ट असो की लसीची, हा प्रश्न येतोच. मी क्षणभरही न थांबता म्हणालो, "था ना. वो रेकॉर्ड अरबों के रेगिस्तान में हुआ. जॉर्डन में." वर्गात एकदम चैतन्य पसरलं. घंटा झाली आणि मी खुशीत बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. कधी फारसं न बोलणारी. "सर, मैं भाई के मोबाइल में देखी. रेकॉर्ड तो अमेरिका में हुआ."

ती बरोबर होती. मी चूक होतो, आणि माझी चूक अज्ञानाची नव्हती, हे मला आतून माहीत होतं. विक्रम कुठे झाला हे मी वाचलेलं होतं. जॉर्डनचा संबंध चाचण्यांपुरता होता. पण मुलांचे चेहरे पाहून माझी जीभ चाचणीवरून विक्रमावर सरकली. मी वर्गात माफी मागितली. मग घरी येऊन ती सगळी गोष्ट पहिल्यापासून पुन्हा वाचायला बसलो. आजचा लेख त्या वाचनातून आला आहे.

* * *

मोटारीच्या वेगाचा विक्रम मोटारीइतकाच जुना आहे. १८ डिसेंबर १८९८ रोजी फ्रान्समध्ये पॅरिसजवळ आशेर इथे गास्ताँ द शासलू-लोबा या सरदार घराण्यातल्या माणसाने ताशी ६३.१५ किलोमीटरचा वेग गाठला. त्याची गाडी विजेवर चालणारी होती. आज आपल्याकडची साधी स्कूटर तेवढी पळते. पुढच्याच वर्षी, २९ एप्रिल १८९९ला, बेल्जियमच्या कामिय जेनात्झीने ताशी १०५.८८ किलोमीटर गाठले. तीही विजेचीच गाडी. नंतर वाफ आली, पेट्रोल आलं, आणि शेवटी विमानाचं जेट इंजिन गाडीवर चढलं.

या वाटेवर जीव गेलेले आहेत. १९२७ साली वेल्सच्या पेंडाइन किनाऱ्यावर पॅरी थॉमस आपल्या 'बॅब्स' नावाच्या गाडीत विक्रमाच्या प्रयत्नात मरण पावला. या खेळाचे नियमही कडक आहेत. त्यातला मुख्य नियम असा: ठरवून मोजलेला एक मैल किंवा एक किलोमीटर गाडीने दोनदा पार करायचा, एकदा जाताना आणि एकदा येताना. दोन्हींची सरासरी हाच तिचा वेग. म्हणजे पाठीमागून वारा आला किंवा जमीन उताराची निघाली तर तो फायदा परतीच्या फेरीत फिटून जातो. आणि दोन्ही फेऱ्या एका तासाच्या आत झाल्या पाहिजेत. हा 'एक तास' लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

४ ऑक्टोबर १९८३ला रिचर्ड नोबल या इंग्रज माणसाने अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात ब्लॅक रॉक वाळवंटात 'थ्रस्ट २' ही जेट गाडी ताशी १,०१९ किलोमीटरने चालवून विक्रम केला. काही वर्षांनी त्याच्या डोक्यात पुढचं खूळ शिरलं: आवाजाचा वेग ओलांडायचा. हवेत आवाज साधारणपणे ताशी बाराशे किलोमीटरच्या आसपास धावतो. हवा थंड असेल तर थोडा हळू, गरम असेल तर थोडा जोरात. विमानाने हा वेग १४ ऑक्टोबर १९४७ला ओलांडला होता, चक येगर त्याचा चालक. पण विमानाच्या खाली जमीन नसते. गाडी आवाजाच्या वेगाला पोचते तेव्हा तिच्यापुढे हवेचा दाबलेला थर तयार होतो आणि तो जमिनीवर आपटून परत गाडीच्या पोटाखाली येतो. पुढचा भाग जरासा जरी उचलला गेला तरी दहा टनांची गाडी पानासारखी उडणार. हे जमेल की नाही, कोणालाच खात्री नव्हती.

नोबलला रॉन एअर्स भेटले. क्षेपणास्त्रांच्या आकारावर आयुष्य घालवलेले, निवृत्त झालेले गृहस्थ. सुरुवातीला त्यांना ही कल्पनाच धोक्याची वाटली. मग त्यांनी ती दोन वेगळ्या मार्गांनी तपासायचं ठरवलं. एकीकडे स्वान्सी विद्यापीठात संगणकावर हवेच्या प्रवाहाचं गणित मांडलं गेलं. दुसरीकडे पेंडाइनला, जिथे पॅरी थॉमस गेला त्याच गावाजवळ, रॉकेटने ढकलल्या जाणाऱ्या घसरगाडीवर गाडीची छोटी प्रतिकृती बसवून ती आवाजापलीकडच्या वेगाने पळवली आणि तिच्यावरचा दाब मोजला. दोन्हींची उत्तरं एकमेकांशी जुळली, तेव्हा काम पुढे गेलं. मला हा भाग फार आवडतो. एकाच प्रश्नाचं उत्तर दोन वेगळ्या वाटांनी काढायचं आणि ते जुळलं तरच त्यावर विश्वास ठेवायचा. हदीसच्या विद्वानांनी रावींची साखळी तपासताना जी सावधगिरी बाळगली, तिचीच मला आठवण झाली.

इथे माझ्या मनाची एक कबुली देतो. स्वान्सीच्या त्या गणितावरच्या शोधनिबंधात केन मॉर्गन यांच्या नावाशेजारी उबै हसन असं नाव दिसलं आणि मी खुर्चीत सरळ झालो. "उसमें अपने में का कोई था क्या" याचं उत्तर मिळालं, असं मन म्हणालं. मग माझी मलाच लाज वाटली. त्या माणसाने हवेचं गणित सोडवलं, ते बरोबर आलं, गाडी उडाली नाही. त्याच्या नावावरून त्याचा धर्म काढून तो माझ्या खिशात घालायचा मला काय अधिकार? आपल्या नावावरून आपल्याला ओळखणारे, आपला हिशोब लावणारे लोक आपल्याला रोज भेटतात. भाड्याचं घर शोधताना तर हमखास भेटतात. तेच काम मी उलट्या दिशेने करत होतो.

* * *

गाडीचं नाव 'थ्रस्ट एसएससी'. साडेसोळा मीटर लांब, वजन दहा टनांच्या वर. दोन्ही बाजूंना फँटम या लढाऊ विमानातली रोल्स-रॉइस स्पे जातीची दोन इंजिनं, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत चालक. चाकांना रबरी टायर नाहीत, कारण त्या वेगात रबर फाटून जाईल. भरीव अॅल्युमिनियमची चाकं. पुढची चाकं इंजिनांमुळे वळवायला जागाच उरली नाही, म्हणून ग्लिन बाउशर या अभियंत्याने मागची चाकं वळवायची ठरवली. आपल्याकडे शेतावर काम करणारं हार्वेस्टर पाहिलंय ना, ते मागच्या चाकांनी वळतं. पण ते हळू चालतं. मागून वळणारी गाडी वेगात सरळ राहते का, हे बघायला त्याने एका साध्या मिनी मोटारीला तशी मागची चाकं बसवून ती आधी चालवून पाहिली.

चालक म्हणून निवडला गेला अँडी ग्रीन. ब्रिटिश हवाई दलातला वैमानिक, ऑक्सफर्डचा गणिताचा पदवीधर.

पैसा मात्र फार नव्हता. अनेक कंपन्यांनी सामान दिलं, रोख कमी दिली. गाडीमागे उभे राहिले ते सामान्य लोक. 'माक १ क्लब' नावाची समर्थकांची संघटना होती. वर्गणी देणारे, टीशर्ट विकत घेणारे, सुट्टी टाकून कामाला येणारे. कोणी मेकॅनिक, कोणी निवृत्त, कोणी नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी येणारा. आणि चाचणीसाठी लांबलचक, सपाट, कोरडी जमीन हवी होती. तशी जमीन इंग्लंडमध्ये नाही. फार्नबरोच्या धावपट्टीवर गाडी थोडीफार चालवता आली, पण तिथे खरा वेग काढायला जागा नव्हती.

ती जागा त्यांना जॉर्डनमध्ये मिळाली. अल-जफर.

मुलांना हे नाव सांगितलं तर ते ज़ोयने लिहितील, ज़फर, म्हणजे विजय. तसं नाही. हा जीमचा जफर आहे. अरबी कोशात या शब्दाचा एक अर्थ रुंद विहीर असाही आहे, आणि या गावाला तो शोभतो. दक्षिण जॉर्डनमधलं मआनच्या पूर्वेचं हे मैदान, पावसाळ्यात पाणी साचून वाळलेल्या तळ्यासारखं सपाट. हुवैतात या बदू टोळीचा हा मुलूख. १९१७ साली अकबा बंदराकडे निघालेले औदा अबू ताई आणि त्यांच्यासोबतचा इंग्रज अधिकारी लॉरेन्स याच जफरला पोचले होते. तुर्कांनी तिथल्या विहिरी सुरुंग लावून उद्ध्वस्त केल्या होत्या. तहानलेल्या माणसांनी आणि उंटांनी वाट पाहिली, आणि सोबतच्या काही माणसांनी आत पडलेली दगड-माती उपसून एक विहीर मोकळी केली, तेव्हा ती स्वारी पुढे गेली. अकबा जिंकलं त्याचा इतिहास सगळीकडे आहे. विहीर कोणी उपसली, ती नावं फारशी कोणाला माहीत नाहीत.

राजा हुसैन यांच्या राजवटीने आणि जॉर्डनच्या हवाई दलाने या इंग्रज पाहुण्यांना आसरा दिला. जफरला हवाई दलाचा तळ होता. १९९६च्या शरद ऋतूत गाडी तिथे पोचली.

आणि मग सुरू झालं ते काम, ज्याबद्दल मला हा लेख लिहावासा वाटला. दगड वेचणं.

मैदान लांबून आरशासारखं दिसतं, पण त्यावर दगड असतात. सुपारीएवढे, लिंबाएवढे, मुठीएवढे. जेट इंजिन समोरची हवा प्रचंड जोराने आत ओढतं. तिच्याबरोबर एक खडा आत गेला तर इंजिनाच्या पात्यांचा चुरा होऊ शकतो. भरीव चाकाखाली दगड आला तर तो गोळीसारखा सुटतो आणि गाडीच्याच अंगात घुसतो. त्यामुळे धावपट्टीवरचा एकेक दगड हाताने उचलायचा. विमानतळावर इंजिनाला धोका करणाऱ्या अशा बाहेरच्या वस्तूंना इंग्रजी आद्याक्षरांवरून 'फॉड' म्हणतात. या स्वयंसेवकांनी त्याचं क्रियापद केलं: फॉडिंग. माणसांची आडवी रांग करायची, हाताच्या अंतरावर उभं राहायचं, खाली बघत चालायचं, दिसला की उचलायचा. मैलोन् मैल. एका पट्टीवरून गाडी गेली की तिच्या चाकांनी जमीन खणली जाते, ती पट्टी पुन्हा तशीच वापरता येत नाही. मग शेजारी दुसरी पट्टी, पुन्हा रांग, पुन्हा मान खाली.

ज्याने आवाजाचा वेग ओलांडायचा, त्या कामाचा बहुतेक वेळ असा ताशी तीन-चार किलोमीटरच्या चालीने गेला.

चाचणीची रीतही मुलांना सांगण्यासारखी होती. गाडी आणली आणि सोडली भरधाव, असं होत नाही. आज एवढा वेग. थांबा. गाडीवर लावलेल्या यंत्रांनी दाब, ताण, कंपन यांची जी नोंद केली ती रात्री बसून वाचा. जे चुकलं ते दुरुस्त करा. उद्या त्याच्यापेक्षा थोडा जास्त. आपल्याकडे बीएडला सातत्यपूर्ण मूल्यमापनावर पानंच्या पानं लिहायला लावतात. त्याचा अर्थ मला जफरच्या या गोष्टीत कळला. परीक्षा नापास करण्यासाठी नसते, उद्याची पायरी ठरवण्यासाठी असते.

१९९६च्या नोव्हेंबरात वाळवंटात पाऊस आला. जोराचा. मैदानाचं पुन्हा तळं झालं आणि सगळ्या पट्ट्या पाण्याखाली गेल्या. इतक्या लोकांनी वाकून वेचलेल्या जमिनीवर आता पाणी चमकत होतं. संघ गाडी घेऊन इंग्लंडला परतला. १९९७च्या उन्हाळ्याआधी तो पुन्हा जफरला आला. पुन्हा पहिल्यापासून दगड. या वेळी गाडीने ताशी आठशे किलोमीटरच्या पुढे मजल मारली. मागच्या सस्पेन्शनमध्ये बिघाड झाला, तो दुरुस्त करून भाग मजबूत करावा लागला. हा बिघाड जफरमध्ये झाला म्हणून तो पुढे जास्त वेगात जीवघेणा ठरला नाही. चाचणी यासाठीच असते. जॉर्डनचं या कामातलं योगदान हेच आहे, आणि ते लहान नाही: चूक करायला आणि ती सापडायला जागा दिली.

* * *

विक्रमाचा प्रयत्न ब्लॅक रॉकलाच करायचा ठरलं. तिथे अमेरिकेचा जुना विक्रमवीर क्रेग ब्रीडलव्ह स्वतःची गाडी घेऊन स्पर्धेत होता. थ्रस्टची गाडी आणि टनावारी सामान अमेरिकेला न्यायला अँटोनोव हे अवाढव्य मालवाहू विमान लागणार होतं, आणि त्याच्या इंधनाला पैसे नव्हते. तेव्हा इंटरनेट नुकतं घराघरात शिरत होतं. संघाने आपल्या संकेतस्थळावर हाक दिली: आम्हाला विमानाचं इंधन घेऊन द्या. जगभरातल्या लोकांनी थोडं थोडं इंधन विकत घेऊन दिलं आणि विमान उडालं. आपल्याकडे मशिदीच्या बांधकामाला कोणी दहा विटा देतो, कोणी सिमेंटची एक गोणी, तसंच.

नेवाडातल्या गेर्लाक या छोट्या गावात मुक्काम पडला. पुन्हा रांगा, पुन्हा दगड. सप्टेंबरात गाडी वेग घेऊ लागली. आवाजाच्या वेगाजवळ ती रेषेवरून बाजूला सरकायची आणि ग्रीन सुकाणू जोराने फिरवून तिला धरून ठेवायचा. २५ सप्टेंबर १९९७ला सरासरी ताशी १,१४९ किलोमीटर. नवा विक्रम, पण आवाजाच्या अलीकडे.

१३ ऑक्टोबरला ती आवाजाच्या पलीकडे गेली. जातानाही आणि येतानाही. वाळवंटभर गडगडाट झाला. तिथे हजर असलेल्या प्रत्येकाने तो ऐकला. पण दुसरी फेरी पूर्ण होईपर्यंत एक तास उलटून सुमारे एक मिनिट जास्त झालं होतं.

एक मिनिट. कोणाला शंका नव्हती की गाडीने आवाजाला मागे टाकलं. कानांनी ऐकलं होतं. पण युनायटेड स्टेट्स ऑटो क्लबच्या वेळ नोंदवणाऱ्यांनी नियम पाहिला आणि विक्रम नोंदवला नाही. आणि संघानेही वाद घातला नाही. पुन्हा गाडी तपासली, पुन्हा पट्टी चालून काढली.

१५ ऑक्टोबर १९९७ला पुन्हा दोन फेऱ्या झाल्या, या वेळी तासाच्या आत. सरासरी ताशी १,२२७.९८५ किलोमीटर, म्हणजे ७६३.०३५ मैल. आवाजाच्या वेगाच्या सुमारे १.०२ पट. त्या वेगात एक मैल संपायला पावणेपाच सेकंदही लागत नाहीत. चक येगरच्या उड्डाणाला पन्नास वर्षं आणि एक दिवस झाला होता. तो एक दिवस कमी असता तर वर्तमानपत्रांना किती छान मथळा मिळाला असता! पण इतिहास आपल्या मथळ्यासाठी तारीख बदलत नाही.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. ज्यांनी एवढी वर्षं घातली, घरंदारं गहाण पडतील अशी कर्जं आणि चिंता सोसल्या, त्यांनी एका मिनिटाची सवलत मागितली नाही. आणि मी, ज्याचं काहीच पणाला लागलं नव्हतं, मी चाळीस मुलांसमोर नेवाडा उचलून जॉर्डनमध्ये ठेवलं होतं.

आपल्या समाजात ही सवय वाढते आहे. मोबाइलवर रोज एखादा निरोप येतो: अमुक शोध आपल्या माणसाने लावला, तमुक शास्त्रज्ञ आपला होता. त्यातलं काही खरं असतं. अल-ख्वारिज्मी होता, इब्न अल-हैथम होता, आणि त्यांचं काम इतकं मोठं आहे की त्यात भेसळीची गरजच नाही. पण खऱ्याबरोबर खोटं मिसळलं की मुलं एक दिवस तपासतात, आणि मग खऱ्यावरचाही त्यांचा विश्वास उडतो. त्या मुलीने तपासलं ते बरं झालं. न तपासणारी एकोणचाळीस मुलं तेच खोटं घेऊन मोठी झाली असती. गतकाळाचा अभिमान ही अमानत आहे. त्यात खयानत केली तर ती शत्रू करत नाही, आपणच करतो.

* * *

गोष्ट इथे संपत नाही. नोबल आणि ग्रीन यांनी पुढे 'ब्लडहाऊंड' नावाची आणखी वेगवान गाडी करायला घेतली. तिच्यासाठी दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतात हाक्सकीन पान हे कोरडं तळं निवडलं गेलं. तिथली जमीन साफ करायला प्रांतिक सरकारने स्थानिक मिएर समाजातल्या ३१७ स्त्री-पुरुषांना कामावर घेतलं. त्यांनी हाताने सुमारे साडेसोळा हजार टन दगड उचलले. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या जमिनीवर गाडी ताशी १,०१० किलोमीटरपर्यंत गेली. १९९७चा विक्रम आजही उभा आहे. पण वेगाच्या गाडीसाठी एवढी मोठी जमीन हाताने साफ होणं, हाही एक विक्रमच म्हणायला हवा.

त्या गाडीच्या शेपटीवर वर्गणी देणाऱ्या हजारो लोकांची नावं छापली होती. चांगली गोष्ट आहे. ज्याने पैसे दिले त्याचं नाव यावं. मी जे वाचलं त्यात दगड उचलणाऱ्यांचा मात्र आकडाच होता. ३१७.

तो आकडा वाचताना मला माझी दादी आठवली. १९७२च्या दुष्काळात ती आणि अब्बा रोजगार हमीच्या कामावर जात. अब्बा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे. दादी खडी फोडायची, अब्बा घमेल्याने वाहायचे. दुपारी सुकडी मिळायची. तालुक्याला जाणारा रस्ता त्या खडीवर उभा आहे. दादीला लिहिता येत नव्हतं, मस्टरवर अंगठा उठवायची. मुकादम नाव पुकारायचा तेव्हा ती मोठ्याने "हाय जी" म्हणायची, आणि हे सांगताना म्हातारपणीही तिचा आवाज तसाच वर जायचा. अब्बा आजही एसटीत बसले की एका वळणावर खिडकीतून बोट दाखवतात. "ये टुकडा हमारा." बस पुढे निघून जाते.

रस्ता ज्यांनी उद्घाटन केला त्यांचं नाव कोनशिलेवर होतं. ती शिला रुंदीकरणात गेली. मस्टर कुठल्या दप्तरात असेल तर असेल, वाळवीने खाल्लं नसेल तर. खडी मात्र अजून डांबराखाली आहे.

विज्ञानाचे सर रजेवरून परत यायच्या आदल्या दिवशी मी शेवटचा तास घेतला. फळ्यावर तीन नावं लिहिली: अल-जफर, ब्लॅक रॉक, हाक्सकीन पान. प्रत्येकासमोर काय झालं ते लिहिलं. जफरसमोर लिहिलं: इथे विक्रम झाला नाही, इथे तयारी झाली. मग त्यांना शाळेच्या मैदानावर नेलं. कबड्डीच्या जागेवर एका रेषेत उभं केलं, हाताच्या अंतरावर, आणि सांगितलं की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं, खडा दिसला की उचलायचा. सुरुवातीला हसले. दहा मिनिटांनी हसणं थांबलं. अर्ध्या मैदानात त्यांच्या पाठी दुखायला लागल्या. शेवटी दोन घमेली भरली.

मागच्या बाकावरचा तो मुलगा कपाळाचा घाम पुसत माझ्याजवळ आला. मला वाटलं, पुन्हा तोच प्रश्न. तो म्हणाला, "सर, वो लोगां ऐसा कितने दिन करे?"

मी म्हणालो, "जितने दिन लगे उतने."

मग त्या मुलीला बोलावलं आणि वर्गाच्या हजेरीपटातल्या एका कोऱ्या पानावर तिच्याकडून लिहून घेतलं: आज मैदान कोणी साफ केलं. एकूण चाळीस नावं, तारखेसह. पान मी कपाटात ठेवलं आहे.